गोपीचंदभाऊंचा डाऊन सर्व्हर

बेलाटोल्याच्या ग्रामपंचायतीत गोपीचंदभाऊ लिपिक म्हणून लागले तेव्हा ऑफिसात एक कपाट, दोन खुर्च्या आणि पाण्याची एक घागर, एवढाच सरकारचा संसार होता. पुढे कॉम्प्युटर आला. त्यावर धूळ बसू नये म्हणून गोपीचंदभाऊंनी बायकोकडून फुलाफुलांचा झगा शिवून घेतला आणि तो झगा काढणं आणि घालणं यालाच पुढे ऑफिस उघडणं आणि बंद होणं असं गाव समजू लागलं.

गोपीचंदभाऊंची खरी ओळख मात्र कॉम्प्युटर नव्हती, आठवण होती. तलावाची पाळ कोणत्या पावसाळ्यात फुटली, कोणाच्या लग्नात भात कमी पडला, कोणाची म्हैस कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर व्याली आणि त्यावरून कोण कोणाशी बोलेनासं झालं, सगळं त्यांच्या तोंडी. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ चालू असताना एखादा नट अडला तर लोक त्याच्याकडे न बघता गोपीचंदभाऊंकडे बघत. त्यांची शेती जेमतेम, अंगकाठी जेमतेम, पगार तर सांगायलाच नको. माणसाला मिरवायला काहीतरी एक लागतं. गोपीचंदभाऊ आठवण मिरवत.

आता त्या कॉम्प्युटरच्या पासवर्डाविषयी. तो गावच्या विहिरीसारखा होता, ज्याला लागेल त्याने बादली टाकावी. गोपीचंदभाऊ एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, त्यामुळे दाखल्यासाठी दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो पाठ होता. गोपीचंदभाऊ कोणाच्या तेरवीला गेले की शिपाई कॉम्प्युटर उघडून देई, शिपाई धानाच्या रोवणीला गेला की पोरं स्वतः उघडून दहावीचा निकाल बघत. इतकी वर्षं सगळ्या गावाने तो पासवर्ड सांभाळला आणि एकदाही तो हरवला नाही.

मग तालुक्याला प्रशिक्षण झालं. थंडगार हॉलमध्ये बाहेरून आलेल्या एका साहेबांनी पडद्यावर काळा बुरखा घातलेला चोर दाखवला आणि सांगितलं, पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही, अगदी बायकोलासुद्धा नाही. बायकोला न सांगण्यासारखं काही आपल्याजवळ असावं, ही कल्पनाच गोपीचंदभाऊंना फार मोठी वाटली. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसून कोणाशीही बोलले नाहीत.

गावात येताच त्यांनी ऑफिसचं दार आतून लावलं. शिपायालाही बाहेर काढलं. साहेबांनी सांगितलं होतं तसं त्यांनी मोठं अक्षर घेतलं, बारीक घेतलं, आकडे घेतले, मधे एक वाकडंतिकडं चिन्ह घातलं, आणि या खेपेला तोंडाने काही म्हटलं नाही. कॉम्प्युटरने हिरव्या अक्षरात पासवर्ड मजबूत असल्याचं कळवलं. सरकारने आपल्याला कशाला तरी मजबूत म्हटल्याची गोपीचंदभाऊंच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्यांनी झगा चढवला, घरी जाऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

सकाळी पासवर्ड डोक्यात नव्हता.

नव्हता म्हणजे एक अक्षरही नव्हतं. गोपीचंदभाऊंनी डोळे मिटून बघितले, उघडून बघितले. कालच्यासारखं दार लावून बघितलं, म्हणजे निदान दार लावल्यावर तरी आठवेल. अंदाजाने दोन-चार टाकून बघितले, तेव्हा कॉम्प्युटरने आधी विनंती केली, मग ताकीद दिली आणि शेवटी खातं बंद झाल्याचं सांगून मोकळा झाला. जो माणूस गावाचं सगळं लक्षात ठेवतो, तो स्वतःच कालच्या संध्याकाळी ठेवलेला शब्द विसरतो, हे गावाला कळलं तर उरलं काय?

नेमकी तेव्हाच डिंपल दारात आली. डिंपल शेजारच्या आळीतली, बारावीला गावात पहिली आलेली पोरगी. तिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी सरपंचाच्या सहीचा रहिवासी दाखला हवा होता. अर्ज ऑनलाइन भरून झाला होता, तेवढा दाखला जोडायचा राहिला होता आणि सोमवार शेवटचा होता. तिच्या बापाने साफ सांगून ठेवलं होतं, यंदा नंबर लागला तर शिक, नाहीतर मुलाकडचे पाहुणे बोलावतो. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणजे गोपीचंदभाऊंना तर होतंच.

"सर्व्हर डाऊन हाय, पोरी," गोपीचंदभाऊ म्हणाले. "उद्या ये."

हे त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाही समजलं नाही. बँकेत ऐकलेले, रेशनच्या दुकानात ऐकलेले दोन शब्द. पण काय शब्द आहेत. आपल्या देशात माणूस बापाच्या बोलण्यावर शंका घेईल, भटजीच्या मुहूर्तावर घेईल, सर्व्हर डाऊन आहे म्हटल्यावर कोणी पुढे एक प्रश्न विचारत नाही. डिंपलने मान हलवली आणि गेली. तिच्यामागून आलेले तसेच मान हलवून गेले. एका म्हाताऱ्याने तेवढी चौकशी केली की सर्व्हरला आराम पडायला किती दिवस लागतील. गोपीचंदभाऊंनी गंभीरपणे वरती बोट दाखवलं. म्हाताऱ्यानेही वरती बघून हात जोडले.

एवढ्यावर भागलं असतं. पण गावात भैयाजी होते.

बेलाटोल्याचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, म्हणून भैयाजींनी पत्नी सत्यभामाबाईंना उभं केलं आणि निवडूनही आणलं. बाहेरच्या पाटीवर नाव सत्यभामाबाईंचं, आतल्या खुर्चीत बसायला भैयाजी. सरपंचपती हे पद कायद्यात कुठे नाही, पण भैयाजींच्या कार्डावर ठळक अक्षरात होतं. सत्यभामाबाई शपथ घ्यायला एकदा ऑफिसात आल्या, त्यानंतर झेंडावंदनाला येत आणि चिवडा वाटायच्या आत घरी जात. भैयाजींना आता जिल्हा परिषदेला उभं राहायची उभारी आली होती आणि उभारी आलेल्या माणसाला अन्याय लागतो. तो त्यांना आयता सापडला. शेजारच्या गावाचा सर्व्हर चालू आहे आणि फक्त बेलाटोल्याचाच डाऊन आहे, हे कळल्याबरोबर त्यांनी मोबाईलवर लिहिलं की हा बेलाटोल्याच्या अस्मितेवर घाला आहे. सोमवारी तालुक्याच्या ऑफिसवर मोर्चा ठरला. ट्रॅक्टर सांगून झाले, फलक रंगून झाले. 'सर्व्हर आमच्या हक्काचा' अशी घोषणा पोरं शाळेच्या मैदानात घोकू लागली.

डिंपल रोज सकाळी येत होती, दारात उभी राहत होती आणि झगा घातलेल्या कॉम्प्युटरकडे बघून परत जात होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. शेवटी शनिवारी संध्याकाळी गोपीचंदभाऊंनी मनाचा हिय्या केला आणि पानठेल्यावर चारचौघांत सांगून टाकलं की सर्व्हर ठणठणीत आहे, पासवर्ड मीच विसरलो.

लोक आधी हसले, मग गंभीर झाले. गोपीचंद आणि विसरेल? ज्याला बत्तीस गावांच्या सोयरिकी पाठ, तो आठ-दहा अक्षरं विसरेल? पानठेलेवाल्याने आवाज खाली करून विचारलं, की भाऊ, वरून दबाव आला आहे का. बाकीच्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की घाबरू नका, गाव तुमच्या मागे आहे. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी मानलं आणि खरं बोलले तर सहानुभूती मिळाली. गोपीचंदभाऊ पान न खाताच घरी आले.

घरून त्यांनी चंद्रकुमारला फोन लावला. चंद्रकुमार तालुक्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघायचा. पोरगा भला होता, फक्त नियमाबाहेर श्वासही घेत नसे. तो म्हणाला की यात एवढं काय आहे, पासवर्ड विसरला म्हणून सरपंचाच्या सही-शिक्क्याचा अर्ज आणा, चहा थंड व्हायच्या आत नवा करून देतो. गोपीचंदभाऊंना वाटलं, आपण उगाच जीव टांगणीला लावला. रविवारी उजाडताच त्यांनी अर्ज लिहिला आणि भैयाजींसमोर ठेवून सगळं खरं सांगितलं.

भैयाजींनी अर्ज वाचला नाही, पण ऐकलं नीट. आधी ते पोट धरून हसले. मग एकदम थांबले.

"अन् आता सर्व्हर चालू हाय म्हणून सांगू मी लोकायले?" ते म्हणाले. "ट्रॅक्टर सांगून झाले, बावा. मोर्चा होऊ दे, मंग पायजे तेवढ्या सह्या घे."

"डिंपलची तारीख उद्याचीच हाय, भैयाजी."

"पोरगी पुढच्या सालीबी पोरगीच रायते. मोर्चा रोज रोज निघत नाई."

गोपीचंदभाऊ बाहेर आले. अंगणात उभे राहून त्यांनी अर्जाकडे बघितलं. अर्जाच्या खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, सौ. सत्यभामाबाई, सरपंच. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात आलं की या नावाची एक बाई आहे आणि ती आत्ता रोवणीला गेली आहे.

सत्यभामाबाई धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून बायांच्या ओळीत रोवत होत्या. गोपीचंदभाऊंनी धुऱ्यावरून हाक मारली की वैनी, सही पाहिजे, तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कोणाला तर म्हणत नाहीत ना. मग त्या वर आल्या, पाटाच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि अर्ज हातात घेतला. गोपीचंदभाऊंनी पेन पुढे केला. सत्यभामाबाई अर्ज वाचू लागल्या. सही करायच्या आधी कागद वाचणारा सरपंच गोपीचंदभाऊंनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, त्यामुळे पेन धरलेला हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"म्हणजे सर्व्हर चांगला हाय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"हो, वैनी."

"मंग आमचे हे मोर्चा नेऊन रायले, तो कायचा?"

गोपीचंदभाऊंनी धुऱ्यावरच्या गवताकडे बघितलं. सत्यभामाबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की ओळीतल्या बायांनीही कारण न कळता हसून घेतलं. मग त्यांनी डिंपलचं विचारलं. गोपीचंदभाऊंनी सांगितलं, तसं त्यांचं हसणं थांबलं. सत्यभामाबाई मूळच्या नाकाडोंगरीकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. आठवीला शाळेत नाव घालायचं तेव्हा त्यांच्याकडेही पाहुणे आले होते, आणि ते पाहुणे म्हणजे भैयाजीच होते. त्यांनी डब्याच्या झाकणावर अर्ज ठेवला आणि एकेक अक्षर सुटं काढून सही केली. शिक्का संध्याकाळी भैयाजींच्या पिशवीतून काढून त्यांनीच लावून दिला.

सोमवारी गोपीचंदभाऊ पहिल्या एसटीने डिंपलला घेऊन तालुक्याला पोचले. मोर्चा मागून ट्रॅक्टरने यायचा होता. चंद्रकुमारने अर्ज घेतला, शिक्का बघितला, जुनी फाईल काढून सही ताडून बघितली. मग दुसऱ्यांदा ताडली. मग चष्मा काढून गोपीचंदभाऊंकडे बघितलं.

"सही जुडत नाई, भाऊ."

गोपीचंदभाऊंनी फाईलीत वाकून बघितलं. फाईलीतली सत्यभामाबाईंची सही लफ्फेदार होती, शेवटी शेपटी होती आणि शेपटीखाली दोन ठिपके. ती सही ते रोज बघत आले होते, त्यांच्यासमोरच होत होती, तिच्यासाठी शिक्क्याचं पॅड तेच पुढे करत होते. भैयाजी सत्यभामाबाईंची सही इतक्या वर्षांपासून आणि इतक्या सफाईने करत होते की ती त्यांची नाही हेच गोपीचंदभाऊ विसरून गेले होते. खोटी सही नमुना म्हणून सरकारदप्तरी बसली होती आणि खरी सही खोटी ठरत होती. चंद्रकुमार समजावणीच्या सुरात सांगत होता की सरकारी अर्जावर बनावट सही हा गुन्हा आहे, तुम्ही म्हातारे माणूस आहात म्हणून मी फक्त कागद परत करतो, आता सरपंच स्वतः हजर झाल्याशिवाय काही होणार नाही. डिंपलने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. गोपीचंदभाऊंना त्या वेळी स्वतःची इतकी चीड आली की पासवर्ड आठवला असता तरी त्यांनी तो आधी स्वतःच्या तोंडात मारला असता.

तेवढ्यात बाहेर घोषणा सुरू झाल्या. मोर्चा आला होता. आणि मोर्चाच्या पुढे, फोटोत बाई दिसावी म्हणून भैयाजींनी नवं लुगडं नेसवून उभी केलेली, खुद्द सरपंच होती.

गोपीचंदभाऊ गर्दीत घुसले आणि तिला घेऊन आत आले. सत्यभामाबाईंनी कमरेच्या बटव्यातून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. चंद्रकुमारने कार्डावरचा फोटो बघितला, बाईंचा चेहरा बघितला, अर्ज मान्य केला आणि बटण दाबलं. आता सरपंचाच्या मोबाईलवर आकडे येतील, ते सांगा, असं तो म्हणाला.

"कोणत्या मोबाईलवर?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

चंद्रकुमारने नंबर वाचून दाखवला. नंबर भैयाजींचा होता.

भैयाजी त्या वेळी बाहेर स्टुलावर उभे राहून गर्जत होते की सर्व्हर घेतल्याशिवाय बेलाटोला इथून हलणार नाही. सत्यभामाबाई गर्दीतून वाट काढत स्टुलापाशी गेल्या आणि हात वर करून नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढून घेतला. भैयाजींचं वाक्य अर्ध्यावर लटकलं. चारचौघांत बायकोने खिशात हात घातल्यावर नवऱ्याने काय म्हणायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लोकांना वाटलं, सरपंचबाई आता थेट मंत्र्याला फोन लावणार. त्यांनी सत्यभामाबाईंच्या नावाचा असा जयजयकार केला की स्टुलावरच्या भैयाजींनाही नाइलाजाने मूठ वर करावी लागली.

आत आकडे टाकले आणि खातं उघडलं. नवा पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा गोपीचंदभाऊ सवयीने म्हणाले की सगळ्यांनी जरा तोंडं फिरवा. सत्यभामाबाईंनी काही तोंड फिरवलं नाही. त्या म्हणाल्या, कारभार माझ्या नावाचा आहे तर मलाही ठाऊक पाहिजे. गोपीचंदभाऊंनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पासवर्ड टाकला आणि अनेक दिवसांनी त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं.

चंद्रकुमारच्याच कॉम्प्युटरवर डिंपलचा दाखला तयार झाला आणि छापून निघाला. सत्यभामाबाईंनी पेन उचलला, तसा चंद्रकुमार अवघडला. म्हणाला, ताई, ही सही दप्तरातल्या सहीशी जुळणार नाही, उद्या कॉलेजने विचारणा केली तर पोरीचा प्रवेश अडकेल. आधीच्या सह्या कोणाच्या आहेत, हे कोणीतरी सांगायला पाहिजे. त्याने गोपीचंदभाऊंकडे बघितलं. डिंपलनेही बघितलं. बाहेरून भैयाजींचा आवाज येत होता आणि गोपीचंदभाऊंची नोकरी अजून काही वर्षं उरली होती.

"मले आठवत नाई," गोपीचंदभाऊ म्हणाले.

सत्यभामाबाई त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता, ही त्यातली वाईट गोष्ट. मग त्या चंद्रकुमारकडे वळल्या.

"मले आठवते," त्या म्हणाल्या. "त्या सह्या माया नाईत. ही माही हाय. नमुना बदलवून घ्या, नंबरबी बदलवा."

चंद्रकुमारने नियम बघितला. सरपंच स्वतः हजर असेल तर नमुना बदलता येतो, असा नियम होता, फक्त आजवर कोणी हजर झालं नव्हतं. सत्यभामाबाईंनी कोऱ्या कागदावर सुट्या सुट्या अक्षरांत नमुन्याच्या सह्या केल्या, स्वतःचा मोबाईल नंबर सांगितला आणि मग डिंपलच्या दाखल्यावर सही केली. डिंपलने तिथेच दाखल्याचा फोटो काढून अर्जाला जोडला. अर्ज गेल्याचा निरोप आला तेव्हा ती हसली नाही, मटकन खाली बसली आणि रडू लागली. सत्यभामाबाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या, नवं लुगडं चुरगळत असूनही.

अशात भैयाजी चार कार्यकर्ते, एक फोटोवाला आणि मोर्चाचं निवेदन घेऊन आत आले. निवेदन त्यांनी रात्रीच घरी तयार केलं होतं. वर अन्यायाची सगळी हकिकत, खाली सरपंचाची लफ्फेदार सही, शेपटीखाली दोन ठिपके. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. भैयाजींनी चेहरा करारी केला आणि निवेदन पुढे केलं. चंद्रकुमारने ते दोन्ही हातांनी घेतलं, नुकत्याच दप्तरी लागलेल्या नमुन्याशेजारी ठेवलं, नीट ताडून बघितलं आणि अदबीने परत केलं.

"सही जुडत नाई, भैयाजी."